बालरोगोपचार आणि ग्राम आरोग्यसेविका

बालरोगोपचार आणि ग्राम आरोग्यसेविका : वैद्यकाची पदवी नसलेल्या, गावातच राहणाऱ्या व अल्प मुदतीचे प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीने, बहुधा स्त्रीने, पाच वर्षांखालील मुलांचे नेहमीचे आजार ओळखावेत, त्यांवर ठरावीक उपचार करावेत आणि गंभीर आजारी मुलास वेळेवर रुग्णालयात पाठवावे, ही पद्धत विसाव्या शतकात जगाच्या निरनिराळ्या भागांत विकसित झाली. अतिसार, फुप्फुसशोथ (न्यूमोनिया), हिवताप, गोवर, कुपोषण आणि नवजात अर्भकाचा जंतुसंसर्ग हे या पद्धतीचे मुख्य विषय होत. या आजारांत मूल काही तासांत किंवा एकदोन दिवसांत दगावू शकते. डॉक्टर मात्र कित्येक किलोमीटर अंतरावर असतो व पावसाळ्यात तेथवर पोहोचणे अनेकदा अशक्य होते. त्यामुळे गावात जी व्यक्ती उपलब्ध आहे तिला काय येते, यावर मुलाचे जगणे-मरणे अवलंबून राहते.

अल्पशिक्षित स्त्रीला हे काम शिकविता येते काय, हा या पद्धतीच्या इतिहासातील पहिला प्रश्न होता. त्याचे होकारार्थी उत्तर १९७० नंतरच्या दोन दशकांत निर्विवादपणे मिळाले. दुसरा प्रश्न अधिक अवघड ठरला. प्रशिक्षण संपल्यावर तिच्याजवळ त्यातील किती ज्ञान उरते, ते किती काळ टिकते आणि प्रत्यक्ष आजारी मूल समोर आल्यावर ते उपयोगी पडते काय, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत नोंदीत या दुसऱ्या प्रश्नाच्या अनुषंगाने या पद्धतीचा इतिहास दिला आहे.

पूर्वपीठिका : अशा प्रकारचा पहिला सुसंघटित प्रयोग चीनमधील हपै (हेबेई) प्रांतातील तिंगशिएन (दिंगशियान) या परगण्यात १९३० नंतरच्या दशकात झाला. लोकशिक्षण चळवळीचे प्रवर्तक जेम्स येन यांच्या कार्याला जोडून डॉ. चेन चृ-च्येन यांनी तेथे गावातील साक्षर शेतकऱ्यांना अगदी थोड्या दिवसांचे शिक्षण दिले. जन्म-मृत्यूंची नोंद ठेवणे, देवी काढणे, विहिरीचे पाणी शुद्ध राखणे आणि औषधांच्या लहान पेटीतून साधे उपचार करणे एवढीच कामे त्यांच्याकडे सोपविली होती. या सेवकाच्या वर उपकेंद्रातील डॉक्टर व त्याच्या वर परगण्याचे रुग्णालय अशी साखळी होती. डॉक्टरने सेवकाच्या कामावर नियमित देखरेख ठेवावी, हा या रचनेचा अविभाज्य भाग होता. १९३७ मध्ये जपानी आक्रमणामुळे हा प्रयोग खंडित झाला. पुढे १९६८ पासून ‘अनवाणी डॉक्टर’ या नावाने जगभर प्रसिद्धीस आलेली चिनी व्यवस्था हा याच कल्पनेचा राष्ट्रव्यापी विस्तार होता. सामुदायिक शेतीची व्यवस्था मोडकळीस आल्यावर या सेवकांचा आर्थिक आधार नाहीसा झाला आणि १९८५ मध्ये ते नावही अधिकृतपणे रद्द करण्यात आले.

भारतात १९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात प्राथमिक आरोग्य केंद्रांचा आराखडा मांडला. तथापि कमी मुदतीचे शिक्षण घेतलेले वैद्यकीय परवानाधारक तयार करण्याची पद्धत बंद करावी व पूर्ण शिक्षण घेतलेला एकाच प्रकारचा डॉक्टर निर्माण करावा, असा समितीतील बहुसंख्य सदस्यांचा कौल होता. काही सदस्यांनी याविरुद्ध मत नोंदविले होते. डॉक्टरांची संख्या वाढली, परंतु ते शहरांतच राहिले. १९७० च्या सुमारास भारतात जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी सु. १३० मुले वर्षाच्या आत मृत्यू पावत होती. उपचार अज्ञात होते म्हणून हे मृत्यू घडत होते असे नव्हे. त्यांतील पुष्कळ मृत्यू टाळण्याचे उपाय वैद्यकाला ठाऊक होते. ते मुलापर्यंत पोहोचत नव्हते.

नारंगवाल आणि जामखेड : पंजाबमधील लुधियाना जिल्ह्यातील नारंगवाल येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे डॉ. कार्ल टेलर व त्यांचे भारतीय सहकारी यांनी १९६० नंतरच्या दशकात संशोधन सुरू केले. ते १९७४ पर्यंत चालले. येथे परिचारिका-प्रसाविकेचे शिक्षण घेतलेल्या सेविका गावात राहत, घरोघर जाऊन मुलांची पाहणी करीत आणि फुप्फुसशोथ आढळल्यास डॉक्टरची वाट न पाहता पेनिसिलिनचे इंजेक्शन देत. अतिसारात तोंडावाटे क्षारद्रव देण्याचे कामही त्या करीत. फुप्फुसशोथाने होणारे बालमृत्यू या गावांत जवळजवळ निम्म्याने घटले. सेविका औषध देऊ शकतात, एवढाच या प्रयोगाचा निष्कर्ष नव्हता. आजार बळावण्यापूर्वी घरी जाऊन तो शोधणे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे, हेही त्यातून स्पष्ट झाले.

महाराष्ट्रात अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रारंभी त्यांनी प्रशिक्षित परिचारिका गावांत ठेवून पाहिल्या. परक्या गावात एकट्याने राहणे त्या तरुण मुलींना कठीण गेले आणि गावकऱ्यांचेही त्यांच्याशी सूत जमले नाही. तेव्हा गावानेच निवडलेल्या प्रौढ स्त्रियांना शिकविण्याचा मार्ग अवलंबिण्यात आला. यांतील बहुतेक निरक्षर होत्या व अनेक दलित समाजातील होत्या. ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, त्यांच्याकडून गावाने औषध घ्यावे, असा हा प्रयोग होता.

जामखेडच्या पद्धतीचे वैशिष्ट्य असे, की तेथे प्रशिक्षणाला शेवट नव्हता. प्राथमिक माहिती दिल्यानंतर या स्त्रिया दर आठवड्याला जामखेडला येत, एकत्र मुक्काम करीत, एकत्र जेवत. गेल्या आठवड्यात कोणाचे मूल आजारी पडले, काय लक्षणे दिसली, काय केले व काय झाले, हे प्रत्येकीने सांगावयाचे आणि इतर सेविकांनी त्यावर प्रश्न विचारावयाचे. लिहिता-वाचता येत नसल्याने सारे स्मरणातून चाले. गाणी, चित्रे व नाट्यप्रवेश यांचाही उपयोग केला जाई. याशिवाय प्रकल्पाचे फिरते पथक गावास भेट देई आणि सेविकेबरोबर घरोघर जाई. गावकऱ्यांच्या देखत डॉक्टर सेविकेचे मत विचारत असल्याने तिची पत वाढे. प्रकल्पाने प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार तेथील अर्भकमृत्यूचे प्रमाण १९७१ मध्ये दर हजारी १७६ होते, ते १९७६ पर्यंत ५२ वर आले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला रॅमन मागसायसाय पुरस्कार देण्यात आला. याच सुमारास रायगड (त्या वेळचा कुलाबा) जिल्ह्यातील मांडवे परिसरात डॉ. नोशीर अंतिया यांनीही गावातील स्त्रियांना शिकवून असेच काम उभे केले होते.

राष्ट्रीय योजना : श्रीवास्तव समितीने १९७५ मध्ये गावपातळीवरील अर्धवेळ आरोग्यसेवकांची शिफारस केली आणि २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र सरकारने सामूहिक आरोग्यसेवक योजना सुरू केली. दर हजार लोकसंख्येमागे एक सेवक, तीन महिन्यांचे प्रशिक्षण, दरमहा ५० रुपये मानधन आणि तेवढ्याच किमतीची औषधे असे तिचे स्वरूप होते. पुढील वर्षी सप्टेंबर १९७८ मध्ये सोव्हिएट संघातील अल्मा-आता येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा स्वीकारला. त्यामुळे अशा योजनांना जागतिक मान्यता मिळाली.

जामखेड व राष्ट्रीय योजना यांमध्ये वरवर साम्य असले, तरी ज्ञानाच्या दृष्टीने त्या परस्परविरुद्ध टोकांना होत्या. राष्ट्रीय योजनेत तीन महिन्यांचे शिक्षण एकदाच दिले जाई. त्यानंतर उजळणीची निश्चित व्यवस्था नव्हती. देखरेखीची जबाबदारी ज्यांच्यावर होती ते प्राथमिक आरोग्य केंद्राचे कर्मचारी कुटुंबनियोजन व इतर कार्यक्रमांच्या कामात गुंतलेले असत. औषधांचा पुरवठा अनियमित होता. निवड झालेले बहुतेक सेवक पुरुष होते व त्यांच्या निवडीत गावातील वजनदार मंडळींचा प्रभाव पडे. ग्रामीण घरात तान्ह्या मुलाजवळ, विशेषतः बाळंतिणीच्या खोलीत, परक्या पुरुषाला प्रवेश नसे. त्यामुळे बालरोगांविषयी त्यांना जे शिकविले होते ते वापरण्याची संधीच बहुतेकांना मिळाली नाही. १९८१ मध्ये ‘ग्राम आरोग्य मार्गदर्शक’ असे नामांतर करून यापुढे स्त्रियांची निवड करण्याचे धोरण ठरले. परंतु तोवर लाखो नेमणुका झाल्या होत्या. मानधन ५० रुपयांवरच राहिले आणि २००२ च्या सुमारास केंद्राचे साहाय्य थांबून ही योजना संपुष्टात आली.

अतिसार व बांगलादेशातील अनुभव : अतिसारात मृत्यू येतो तो मुख्यतः शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. साखर व मीठ यांचे योग्य प्रमाणातील द्रावण तोंडावाटे दिल्यास ही तूट भरून निघते, हे १९६८ मध्ये डाक्का येथील पटकी संशोधन प्रयोगशाळेत सिद्ध झाले. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून देण्याचा द्रव संपल्यावर हेच द्रावण नातेवाइकांच्या हातून रुग्णांना देवविले आणि पटकीने होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणावर रोखले. अशा रीतीने उपचार प्रथमच डॉक्टरच्या हातून आईच्या हातात गेला. [→ अतिसार].

बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेने १९८० ते १९९० या काळात सु. १.२ कोटी घरांमध्ये सेविका पाठवून मातांना हे द्रावण घरच्या घरी करण्यास शिकविले. तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढे मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी असे त्याचे सुलभ प्रमाण होते. सेविका ते करून दाखवी व नंतर आईकडून करवून घेई. शिकविल्यानंतर काही आठवड्यांनी दुसरा कर्मचारी निवडक घरांत जाऊन आईला प्रश्न विचारी व तिने केलेले द्रावण तपासून पाही. आईला किती आठवते त्यावर तिची श्रेणी ठरे आणि त्या श्रेणीनुसार सेविकेला मोबदला मिळे. शिकविण्याचा मोबदला न देता उरलेल्या ज्ञानाचा मोबदला देण्याची ही पद्धत अपूर्व होती. तिच्यामुळे बहुसंख्य माता बिनचूक द्रावण करू लागल्या.

तथापि पुढील तपासणीत एक अनपेक्षित गोष्ट उघड झाली. द्रावण अचूक करता येणाऱ्या मातांपैकी फारच थोड्या स्त्रिया मुलाला जुलाब लागल्यावर ते प्रत्यक्षात देत होत्या. कारणांचा शोध घेता असे आढळले, की शिकविणाऱ्या सेविकांचाच द्रावणावर पुरेसा विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाल्यास त्या गोळ्यांचा आश्रय घेत. तेव्हा सेविकांना रुग्णालयात नेऊन मरणोन्मुख रुग्ण केवळ द्रावणाने कसा सावरतो, हे दाखविण्यात आले. द्रावणाचा परिणाम कसा होतो, हेही त्यांना समजावून देण्यात आले. गावातील पुरुषांनाही बैठकांतून विश्वासात घेण्यात आले. त्यानंतर वापर वाढला. स्मरण, कौशल्य व प्रतीती या तीन भिन्न गोष्टी असून पाठांतराच्या परीक्षेत केवळ पहिलीच मोजली जाते, हा धडा या अनुभवाने घालून दिला.

फुप्फुसशोथ व श्वासगणना : अतिसार आईला ओळखता येतो, फुप्फुसशोथाचे तसे नाही. सर्दी-खोकला झालेल्या असंख्य मुलांतून फुप्फुसशोथ झालेली थोडी मुले निवडून काढावी लागतात. डॉक्टर त्यासाठी छाती तपासण्याची नळी व क्ष-किरण चित्र यांचा उपयोग करतात. पापुआ न्यू गिनीतील गोरोका येथे डॉ. फ्रँक शॅन यांनी केलेल्या व १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनामुळे असे दिसून आले, की श्वासाची जलद गती आणि श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जाणे या दोन लक्षणांवरून आजाराचे निदान पुरेशा विश्वसनीयपणे करता येते. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे यावर आधारित नियम ठरविले. दोन महिन्यांखालील अर्भकाचे मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या मुलाचे ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक श्वास असल्यास ती गती जलद समजावी, असे त्यांचे स्वरूप आहे.

या नियमांवर आधारलेले दोन प्रयोग विशेष उल्लेखनीय आहेत. नेपाळमधील जुमला या दुर्गम पहाडी जिल्ह्यात स्थानिक कार्यकर्त्यांना फुप्फुसशोथ ओळखून प्रतिजैविक औषध देण्यास शिकविल्यावर तिसऱ्या वर्षी बालमृत्यूंत सु. २८% घट झाली. पुढे नेपाळने १९८८ पासून काम करीत असलेल्या महिला आरोग्य स्वयंसेविकांकडे हे काम सोपविले. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ५८ गावांत हा प्रयोग करून ४४ गावांशी तुलना केली. निमवैद्यकीय कर्मचारी, गावातील आरोग्यदूत आणि पारंपरिक सुइणी या तिघांनाही प्रशिक्षण देण्यात आले होते. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रयोगातील गावांत फुप्फुसशोथाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा सु. ५४% कमी होते.

सुइणींच्या बाबतीत येथे एक मूलभूत अडचण उभी राहिली. त्यांपैकी अनेकींना बारापुढे मोजता येत नव्हते. मग पन्नास श्वास कसे मोजावयाचे? यावर तोडगा म्हणून मणी सरकविण्याचे एक साधे उपकरण तयार करण्यात आले. दहा श्वास झाले, की एक मणी पुढे सारावयाचा. सोबत एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ असे. वाळू संपण्यापूर्वी ओळीतील शेवटचा, लाल मणी सरकविण्याची वेळ आली, तर मुलाला फुप्फुसशोथ झाला आहे असे समजावयाचे. अधिक लहान अर्भकासाठी एक मणी जादा असलेली वेगळी ओळ होती. ज्ञानाचा जो भाग स्मरणात राहणार नाही, तो अशा रीतीने साधनात साठविण्यात आला. लहान मुलांच्या या आजाराला मराठीत ‘डबा’ हे नाव पूर्वीपासून आहे. मुलाचे पोट उडते, त्याला धाप लागते, हे सुइणींनी पाहिलेले होते. नव्या शिक्षणाने या निरीक्षणाला संख्येची निश्चित मर्यादा व खात्रीचे औषध मिळवून दिले.

नवजात अर्भके : वर्षाच्या आतील मृत्यूंपैकी बहुसंख्य मृत्यू जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात होतात. त्यांच्या उपचारासाठी रुग्णालयच हवे, अशी वैद्यकाची दृढ समजूत होती. गडचिरोलीत १९९३ पासून ३९ गावांत पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रियांना टप्प्याटप्प्याने प्रशिक्षण देण्यात आले. बाळंतपणास हजर राहणे, श्वास न घेणाऱ्या बाळाला कृत्रिम श्वास देणे, वजन घेणे, ऊब राखणे, ठरलेल्या दिवशी भेट देणे व जंतुसंसर्ग ओळखणे ही त्यांची कामे होती. जंतुसंसर्ग ओळखण्यासाठी दूध ओढणे कमी होणे, रडणे क्षीण होणे, हातपाय लुळे पडणे, अंग थंड लागणे अशा निवडक लक्षणांची यादी असे. त्यांतील किमान दोन एकाच वेळी दिसली, की आजार निश्चित मानला जाई. पालकांना रुग्णालयात जाण्याचा सल्ला दिला जाई. परंतु बहुतेक कुटुंबे जाऊ शकत नसत. तेव्हा त्यांच्या संमतीने सेविका जेंटामायसिनचे इंजेक्शन व तोंडावाटे दुसरे प्रतिजैविक देई.

शाळेत जेमतेम गेलेल्या स्त्रीने चार दिवसांच्या बाळाला इंजेक्शन देणे अनेक डॉक्टरांना धोक्याचे वाटले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जंतुसंसर्ग झालेल्या अर्भकांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने सु. ६२ टक्क्यांनी घटले. या यशाचा विचार करताना देखरेखीची व्यवस्था विसरता येत नाही. प्रत्येक सेविकेकडे साधारणतः पंधरा दिवसांनी पर्यवेक्षक येई, नोंदवही तपाशी, तिच्याबरोबर बाळ पाही आणि चूक असल्यास तेथेच दुरुस्त करी. नोंदवहीतील प्रश्नांचा क्रम असा होता, की तो पाळला म्हणजे तपासणी आपोआप पूर्ण होई.

एकात्मिक पद्धती व ज्ञानाची तपासणी : एकाच मुलाला खोकला, जुलाब व ताप एकाच वेळी असू शकतात, हे लक्षात घेऊन जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी १९९० नंतरच्या दशकात बालरोगांच्या एकात्मिक उपचाराची पद्धती तयार केली. आजारी मुलाची तपासणी, आजाराचे वर्गीकरण, उपचार, आईला सल्ला व पुन्हा तपासणी असा तिचा क्रम असून वर्गीकरणाच्या तक्त्यात लाल, पिवळा व हिरवा हे रंग योजिले आहेत. लाल म्हणजे तातडीने रुग्णालयात पाठविणे, पिवळा म्हणजे ठरावीक औषध देणे व हिरवा म्हणजे घरगुती काळजी घेणे. भारताने नवजात अर्भकांच्या पहिल्या आठवड्याचा समावेश करून २००० नंतरच्या दशकात आपली आवृत्ती स्वीकारली. तिचे आठ दिवसांचे प्रशिक्षण परिचारिका व अंगणवाडी सेविका यांना देण्यात आले.

प्रशिक्षणानंतरच्या ज्ञानाची कसोशीने झालेली एक तपासणी केनियातील सिआया जिल्ह्यातील आहे. तेथील सामुदायिक आरोग्यसेवक आजारी मुलांना प्रत्यक्ष कसे तपासतात, हे १९९७ ते २००१ या काळात तज्ञांच्या निदानाशी ताडून पाहण्यात आले. हिवतापावर बहुतेक सेवक योग्य उपचार करीत होते. फुप्फुसशोथ ओळखण्यात मात्र ते कमी पडत आणि सर्वांत अधिक चुका गंभीर आजारी मुलांच्या बाबतीत होत. ज्या ठिकाणी चुकीची किंमत सर्वाधिक, तेथेच ज्ञान सर्वांत दुबळे, असे हे चित्र होते.

याचे कारण सेवकांच्या बुद्धीत शोधण्याची आवश्यकता नाही. साध्या हिशेबाने ते समजू शकते. हजार वस्तीच्या गावात वर्षाला सु. २० बालके जन्मतात. त्यांपैकी दहांत एकाला जंतुसंसर्ग होतो असे धरले, तरी सेविकेला वर्षाकाठी असे दोनच रुग्ण भेटतात. जुलाब व ताप यांचे रुग्ण ती दर आठवड्याला पाहते, म्हणून त्यांचे ज्ञान वापराने पक्के होत जाते. गंभीर आजाराची लक्षणे तिने प्रशिक्षणात चित्रात पाहिलेली असतात आणि सहा महिन्यांनी एखाद्या रात्री ती एकदम समोर येतात. मोठ्या रुग्णालयातील नवशिका डॉक्टर तेवढे रुग्ण एका दिवसात पाहतो व त्याच्या पाठीशी वरिष्ठ डॉक्टर उभा असतो. सेविका मात्र एकटी असते.

हरियाणातील फरीदाबाद जिल्ह्यात झालेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक प्रयोगात या पद्धतीच्या अंमलबजावणीमुळे अर्भकमृत्यूंत सु. १५% घट आढळली. तेथे प्रशिक्षणाबरोबरच देखरेख व औषधपुरवठा यांतही सुधारणा करण्यात आली होती. केवळ प्रशिक्षणवर्ग भरवून एवढा परिणाम साधला असता असे मानण्यास आधार नाही.

आशा कार्यकर्ती : १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात प्रत्येक गावासाठी ‘आशा’ या नावाने ओळखली जाणारी सामाजिक आरोग्य कार्यकर्ती नेमण्यात आली. तत्पूर्वी २००२ मध्ये छत्तीसगढमध्ये ‘मितानिन’ या नावाने अशी योजना सुरू झाली होती. १९७७ च्या योजनेतील त्रुटींतून काही बोध येथे घेतला गेला. आशा ही त्याच गावची स्त्री असावी, बहुधा विवाहित असावी, असे ठरले आणि सुरुवातीचे २३ दिवसांचे प्रशिक्षण एकदम न देता वर्षभरात विभागून देण्यात आले. पुढे कौशल्यांवर भर असलेले २० दिवसांचे प्रशिक्षण चार फेऱ्यांत योजण्यात आले. २०११ पासून गडचिरोलीच्या अनुभवावर आधारित घरपोच नवजात सेवा आशांकडे आली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला सहा व घरी जन्मलेल्या बाळाला सात भेटी असे तिचे वेळापत्रक आहे. २०१८ पासून बाळ सव्वा वर्षाचे होईपर्यंत आणखी पाच भेटींची भर पडली. इंजेक्शन देण्याचे काम मात्र आशांकडे आले नाही. ठरावीक परिस्थितीत जेंटामायसिन देण्याची मुभा २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी परिचारिका-प्रसाविकांना देण्यात आली. देशातील आशांची संख्या आज सु. १० लाख आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा सामूहिक गौरव केला.

आशांचा मोबदला मुख्यतः कामागणिक दिला जातो. रुग्णालयात बाळंतपण घडवून आणणे, लसीकरणासाठी मुले गोळा करणे, ठरलेल्या भेटी पूर्ण करणे ही कामे मोजता येतात. श्वास योग्य रीतीने मोजला काय, बाळाचे अंग पोटाला व तळपायाला हात लावून पाहिले काय, या गोष्टी भेटीच्या संख्येत दिसत नाहीत. त्यामुळे भेट झाली परंतु तपासणी झाली नाही, असे घडण्याचा संभव राहतो. उपचारांचे नियमही बदलत असतात. अतिसारासाठी कमी तीव्रतेचे क्षारद्रावण आले. त्याच्या जोडीला जस्ताच्या गोळ्या आल्या. सहा महिन्यांवरील मुलास दररोज २० व त्याखालील मुलास १० मिलिग्रॅम जस्त १० ते १४ दिवस द्यावयाचे असते. फुप्फुसशोथात कोट्रायमोक्साझोलच्या जागी अमॉक्सिसिलिन आले. म्हणून केवळ विसरण्यानेच ज्ञान कमी होते असे नाही. अचूक लक्षात ठेवलेले ज्ञानही कालांतराने चुकीचे ठरू शकते.

ज्ञान टिकविणारे घटक : तिंगशिएनपासून आशा योजनेपर्यंतच्या अनुभवांची तुलना करता काही बाबी समान आढळतात. सेविकेचे शालेय शिक्षण हा निर्णायक घटक नव्हता. जामखेडच्या निरक्षर स्त्रिया व गडचिरोलीच्या सुइणी यांनी ते दाखवून दिले. प्रशिक्षणाच्या दिवसांची संख्याही निर्णायक नव्हती. तीन महिने शिकलेले १९७७ च्या योजनेतील सेवक मागे पडले आणि थोडे-थोडे परंतु सतत शिकणाऱ्या स्त्रिया पुढे गेल्या. नियम थोडे व सुस्पष्ट असणे, जे लक्षात राहणे कठीण ते साधनात किंवा नोंदवहीत उतरविणे, ठरलेल्या दिवशी सहकारी स्त्रियांबरोबर बसून आपल्या रुग्णांची चर्चा करणे आणि जाणकार पर्यवेक्षकाने आजारी मुलाजवळ उभे राहून शिकविणे, हे घटक जेथे होते तेथे ज्ञान टिकले.

यांशिवाय औषधाचा अखंड पुरवठा हाही ज्ञानाचाच एक भाग मानावा लागतो. पेटी रिकामी असलेल्या सेविकेने आजार ओळखून उपयोग नसतो; काही महिन्यांनी ती ओळखण्याचेही सोडून देते व गाव तिला बोलावणेही सोडून देते. त्याचप्रमाणे तिने पाठविलेल्या मुलाला रुग्णालयात दाखल करून घेतले जाते किंवा नाही, आणि त्याचे पुढे काय झाले ते तिला कळविले जाते किंवा नाही, यांवरही तिचे शिकणे अवलंबून असते. आपले निदान बरोबर होते किंवा चुकले, हे ज्याला कधीच कळत नाही, त्याचे कौशल्य वाढत नाही.

भारतातील अर्भकमृत्यूचे प्रमाण १९७१ मध्ये दर हजारी १२९ होते, ते २०२० मध्ये २८ पर्यंत उतरले. यात लसीकरण, आहार, स्त्रीशिक्षण, रस्ते व रुग्णालयीन बाळंतपण यांचा मोठा वाटा असून गावातील सेविकेचा वाटा त्यातून वेगळा काढणे कठीण आहे. रुग्णालये वाढल्यामुळे तिच्या कामाचे स्वरूपही बदलत आहे. स्वतः उपचार करण्यापेक्षा गंभीर मूल ओळखून वेळीच पाठविणे यास अधिक महत्त्व येत आहे. परंतु हे ओळखणे हाच या ज्ञानाचा सर्वांत नाजूक व सर्वांत लवकर विसरला जाणारा भाग होय. मूल आजारी आहे हे रात्री, घरी, प्रथम कोणाच्या लक्षात येते, यावर पुढील सर्व व्यवस्था अवलंबून असते. म्हणून प्रशिक्षण किती जणींना दिले, यापेक्षा ते दिल्यानंतर वर्षाने त्यांना काय येते, या मोजणीला अशा योजनांच्या मूल्यमापनात अग्रस्थान मिळणे आवश्यक ठरते.